खाली घेण्याआधीच्या रात्री

मुळशी खोऱ्यात माणूस जायला टेकला की त्याला खाली घेतात. खाटेवरून अलगद उचलायचं, जमिनीवर घोंगडी अंथरून निजवायचं, उशाशी दिवा लावायचा. कुणीतरी कधीकाळी काशीहून आणलेला गंगेचा गडू वर्षानुवर्षं देव्हाऱ्यात तसाच बंद पडून असतो. तो फोडायचा आणि तुळशीच्या पानाबरोबर दोन थेंब तोंडात सोडायचे. लहानपणापासून मी हे पाहत आलो. खाली घेण्याआधीच्या रात्री घरात काय चालतं, ते मात्र जवळून पाहिलं माझ्या चुलत्यांच्या वेळी.

गाव धरणाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीच्या वाटेवर. श्रावणातला पाऊस. चुलत्यांना घशाचा कर्करोग. एका रुग्णालयाने ‘आता घरी न्या, सेवा करा’ असं सांगून हातात कागद दिला होता. त्यावर पॅरासिटामॉल आणि आणखी एक साधी वेदनाशामक गोळी. गोळी गिळायला घसा कुठे उरला होता? तीन रात्री ते बसून होते. आडवं झालं की श्वास कोंडायचा. पांघरूण ओढायचे, भिरकावायचे, भिंत धरून उठायला बघायचे. डोळ्यांत अशी भीती, की समोर उभं राहवत नसे. तिसऱ्या रात्री एक डॉक्टर भर पावसात मोटारसायकलवरून आले. भला माणूस. काकू म्हणाल्या, “डॉक्टर, ह्यांना निदान झोप तरी लागू द्या.” डॉक्टर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “झोपेचं इंजेक्शन दिलं आणि त्यातच गेले, तर उद्या मी काय उत्तर देऊ?” तेवढ्यात भावकीतले एक आजोबा पुढे झाले. “झोपवू नका रं त्याला. मुंबईचा पोरगा निघालाय. बाप-लेकाची नजरानजर होऊ द्या.”

पोरगा पहाटे पोचला. नजरानजर झाली की नाही, मला सांगता येणार नाही. चुलत्यांची नजर तोवर कुणावरच ठरत नव्हती.

काकूंची विनवणी, डॉक्टरांची भीती आणि आजोबांची मागणी, तिन्ही खरी होती. त्या रात्रीनंतर मी हा विषय वाचत, विचारत गेलो. काकूंनी जे मागितलं त्याला वैद्यकात नाव आहे, पॅलिएटिव्ह सेडेशन. मरण अगदी दारात आलंय, श्वासाची धाप, वेदना किंवा भ्रमातली तडफड कुठल्याच उपायाने आटोक्यात येत नाही, अशा वेळी त्रास जाणवणार नाही इतकीच गुंगी मोजून देणं. याला इच्छामरण म्हणत नाहीत, दयामरणही म्हणत नाहीत. पण महाराष्ट्रात हा फरक लोकांपर्यंत पोचलाच नाही, आणि तो का पोचला नाही याचा इतिहास आहे. त्या इतिहासाची दोन वर्षं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: १९८५ आणि १९८६.

सुरुवात मात्र त्याआधी करायला हवी. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि अरुणाताई कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पुढची चार दशकं केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. या एका खोलीमुळे ‘जगणं कुठवर?’ हा प्रश्न मराठी घराघरांत आला. १९८१ मध्ये मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. १९८५ मध्ये प्रा. वर्दे यांनी विधान परिषदेत खासगी विधेयक मांडलं. मरणाच्या दारातल्या रुग्णाने सांगितल्यावरून उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरला कायद्याचं संरक्षण मिळावं, एवढीच त्याची मागणी होती. विधेयक पुढे सरकलं नाही.

या सगळ्याच्या मध्ये नोव्हेंबर १९८२ येतो. पवनारला विनोबांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी, औषध नाकारलं आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. सोळा वर्षांपूर्वी, २६ फेब्रुवारी १९६६ रोजी, सावरकरही अन्न सोडून गेले होते. दोघांचे विचार दोन टोकांचे, पण मरणाची रीत जवळची: पूर्ण शुद्धीत, आपण होऊन. आळंदीची समाधी ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याला हे मरण ओळखीचं वाटणारच. अंतकाळी शुद्ध असावी, तोंडात नाम असावं, ही आपल्याकडची जुनी आस आहे. आजोबांच्या ‘झोपवू नका’मागे तीच होती. मला ती मोलाची वाटते. पण विनोबांचा श्वास कोंडत नव्हता, आणि ज्याचा घसा गाठीने भरलाय त्याच्या तोंडून नाम येत नाही, आवाजच येत नाही. शुद्धीतल्या मरणाचा गौरव करताना आपण ज्यांना शुद्ध हीच शिक्षा झाली आहे अशांना विसरलो.

आता १९८५. त्या ऑगस्टमध्ये संसदेत अमली पदार्थांविरुद्धचा कायदा मांडला गेला, थोड्याच दिवसांत मंजूर झाला आणि १४ नोव्हेंबरला लागू झाला. एनडीपीएस या आद्याक्षरांनी तो सर्वांना ठाऊक आहे. हेरॉईनचा व्यापार मोडणं हा त्याचा उद्देश होता, आणि तो योग्यच होता. पण त्याच कायद्याने मॉर्फिनलाही वेढलं. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर अनेक परवाने, तेही वेगवेगळ्या खात्यांचे आणि एकाच वेळी मुदतीत असलेले. राज्य उत्पादन शुल्क खातं, म्हणजे दारूचे गुत्ते तपासणारं खातं, कर्करोगाच्या गोळ्यांचाही हिशेब बघू लागलं. चूक झाली तर किमान १० वर्षं सक्तमजुरी. औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. त्याआधी देशात वर्षाकाठी काही शे किलो मॉर्फिन औषधासाठी वापरलं जायचं. १९९७ पर्यंत ते १८ किलोवर आलं. शंभर कोटींकडे निघालेल्या देशात १८ किलो!

हे आकडे वाचताना मला गिरणगावातली बाळगोळी आठवते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या गिरणी कामगार बायका पाळीला जाताना तान्ह्या पोराने निजून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देत. अफू आपल्याला परकी नव्हती. आजही मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते, आणि त्यातली बरीच परदेशातल्या औषध कंपन्यांकडे निर्यात होते. जगाच्या वेदनेसाठी पीक काढणाऱ्या देशात माझ्या चुलत्यांच्या कागदावर पॅरासिटामॉल होतं.

पुढचं वर्ष १९८६. त्या एका वर्षात इतक्या गोष्टी घडल्या की शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय राहवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर छोटं पुस्तक काढलं आणि तीन पायऱ्यांची शिडी सांगितली: साध्या गोळ्या, मग सौम्य अफूजन्य औषधं, मग तोंडाने घेण्याचं मॉर्फिन. दर काही तासांनी, घड्याळ लावून, दुखायची वाट न बघता. जग मॉर्फिनकडे निघालं तेव्हा आपण नुकतंच त्याला कुलूप घातलं होतं.

त्याच वर्षी वांद्र्याला, माउंट मेरीच्या परिसरात, टाटा मेमोरियलचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस. बरं होण्याची आशा संपलेल्या माणसाला विनामूल्य ठेवून घ्यायचं, वेदना कमी करायची, जखमा धुवायच्या, सोबत करायची. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडून जे सुरू केलं, ते १९ वर्षांनी अरबी समुद्राच्या काठी आलं.

आणि त्याच वर्षी, सप्टेंबरात, मुंबई उच्च न्यायालयाने मारुती श्रीपती दुबळ यांच्या खटल्याचा निकाल दिला. दुबळ मुंबई पोलिसातले शिपाई. अपघातानंतर मानसिक आजाराने घेरलेले. महापालिकेच्या दारात त्यांनी पेटवून घ्यायचा प्रयत्न केला आणि त्यांच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे पाटील यांनी ते कलम ३०९च घटनाबाह्य ठरवलं. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका फिरवली: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पण दुबळ निकालाने एक गोष्ट झाली. वृत्तपत्रांत, व्याख्यानमालांत, महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांत ‘मरण्याचा हक्क’ हा विषय रुजला, तो आजतागायत. बाजूने बोला, विरुद्ध बोला, टाळ्या ठरलेल्या. मरणाऱ्याला झोप लागावी का, ती कोण देणार, कुठल्या औषधाने आणि कुठल्या कायद्याखाली, यावर कुणी वादविवाद स्पर्धा घेतली नाही. आपण पंधरा-वीस वर्षं मोठ्या प्रश्नावर बोलत राहिलो आणि त्याच काळात छोट्या प्रश्नाचं उत्तर परवान्यांच्या फाइलीत अडकून पडलं.

१९८६च्या अखेरीस इंग्लंडमध्ये आणखी एक कागद बाहेर आला. २० जानेवारी १९३६ च्या रात्री राजा पाचवा जॉर्ज मरणपंथाला लागला होता. त्याचे डॉक्टर लॉर्ड डॉसन यांनी अकराच्या सुमारास आपल्या हाताने मॉर्फिन आणि कोकेनचं इंजेक्शन त्याच्या शिरेत दिलं. राजा ग्लानीतच होता, वेदनेने तळमळत नव्हता. डॉसन यांनी स्वतःच्या टिपणात कारण लिहून ठेवलं होतं: मरणाची बातमी संध्याकाळच्या हलक्या पत्रांऐवजी सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये यावी. पन्नास वर्षांनी त्यांच्या चरित्रकाराने ते टिपण छापलं. आमच्या गावच्या डॉक्टरांना जी भीती वाटत होती ती या माणसाच्या कृतीची होती. औषध तेच, सुई तीच. राजाला गरज नसताना मोठा डोस दिला गेला, आणि तो त्याला मारण्यासाठीच दिला गेला.

मग फरक ओळखायचा कसा? १९५७ मध्ये इटलीतल्या भूलतज्ज्ञांनी हा प्रश्न पोप बारावे पायस यांच्यापुढे ठेवला. वेदना शमवणाऱ्या औषधाने शुद्ध हरपत असेल आणि कदाचित आयुष्यही थोडं कमी होत असेल, तरी ते द्यावं का? पोपनी २४ फेब्रुवारीला उत्तर दिलं: दुसरा मार्ग नसेल, आणि माणसाला आपली शेवटची कर्तव्यं पार पाडायला त्यामुळे आडकाठी होत नसेल, तर द्यावं. शेवटची कर्तव्यं या शब्दांत मला आमच्या आजोबांची ‘नजरानजर’ दिसते. पोपच्या उत्तरामागे मध्ययुगापासून चालत आलेलं दुहेरी परिणामाचं तत्त्व होतं: चांगल्या हेतूने केलेल्या कृतीचा एक वाईट परिणाम आधी दिसत असला, तरी तो हवा म्हणून केलेला नसेल आणि चांगल्या परिणामाचं साधनही नसेल, तर कृती क्षम्य आहे.

यासाठी आपल्याला रोमला जायची गरज नव्हती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८८ होतंच. मृत्यू घडवण्याचा हेतू नसताना, रुग्णाच्या भल्यासाठी, त्याच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीने इजा झाली तरी तो गुन्हा ठरत नाही. कायद्याने त्याखाली दिलेलं उदाहरण शल्यचिकित्सकाचं आहे: रुग्ण दगावू शकतो हे माहीत असूनही वेदनेने पिडलेल्या माणसावर शस्त्रक्रिया करणाऱ्याचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २६ झालं आहे. शेवटच्या गुंगीवर आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, पण ती पूर्ण निराधारही नाही. गावोगावच्या डॉक्टरांना हे कलम कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

१९९० मध्ये मिलानच्या व्हेंताफ्रिद्दा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी मरण पावलेल्या १२० कर्करुग्णांची नोंद छापली. निम्म्याहून अधिक जणांना शेवटच्या दिवसांत असा त्रास झाला होता की तो गुंगीशिवाय आवरला नाही. वेदनातज्ज्ञ हादरले. वेदना जिंकली अशा थाटात शिडी सांगितली जात होती, आणि शिडीच्या वरच्या पायरीवरही माणसं तडफडत होती. धाप, भ्रम, रक्तस्राव यांवर शिडीचं औषध पुरत नव्हतं. तिथून हा विषय वैद्यकाच्या नियतकालिकांत नावानिशी आला.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो डॉक्टरांमध्येही आहे. मॉर्फिन हे वेदनेचं आणि धापेचं औषध आहे. झोपवण्यासाठी त्याचा डोस चढवत नेणं हा चुकीचा वापर, त्याने रुग्ण उलट भ्रमिष्ट होऊ शकतो. गुंगीसाठी बहुधा मिडाझोलॅम वापरतात. त्याचा अंमल लवकर चढतो आणि लवकर उतरतो, म्हणून ते हातात राहतं. बारीक फुलपाखरी सुई छातीच्या किंवा दंडाच्या कातडीखाली बसवतात, शीर शोधावी लागत नाही. तिची नळी एका छोट्या पंपाला जोडलेली. पंपात सिरिंज आडवी बसते आणि एक दांडा तिला दिवसभरात इतक्या सावकाश ढकलतो की डोळ्याला हलताना दिसत नाही. पंप बॅटरीवर चालतो. मुळशीच्या पाण्यावर गेली शंभरेक वर्षं मुंबईत दिवे लागतात. त्या रात्री चुलत्यांच्या घरात वीज नव्हती, पण हा पंप चालला असता.

सुरुवात थोड्या औषधाने. पहिल्या तासांत पुन्हा पुन्हा बघायचं: कपाळावरची आठी गेली का, मूठ सुटली का, श्वास कसा आहे, हाक मारल्यावर डोळे उघडतात का. त्रास थांबला की वाढ थांबवायची, त्यापुढे एक थेंबही नाही. प्रत्येक बदल वेळेसह वहीत. या वहीला मी फार महत्त्व देतो. हेतू मनात असतो हे खरं, पण तो वहीत उमटतो. पायरीपायरीने, त्रासाच्या मापाने चढलेला डोस आणि डॉसनसारखा एकदाच दिलेला भला मोठा डोस यांत कुणालाही फरक दिसेल. आमच्या डॉक्टरांना उद्या काय उत्तर देऊ ही चिंता होती. त्यांचं उत्तर त्या वहीत असतं.

शिवाय भीतीचा पायाच कच्चा निघाला. २००९ मध्ये इटलीतल्या हॉस्पिसांतून मालतोनी यांच्या गटाने गुंगी दिलेले २६७ आणि न दिलेले २५१ रुग्ण पडताळून पाहिले. गुंगी दिलेल्यांचं मध्यक आयुष्य १२ दिवस, न दिलेल्यांचं ९. गुंगीने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. नीट दिलेल्या गुंगीने ते तुटत नाही, एवढं त्यातून दिसलं. म्हणजे दुहेरी परिणामातला दुसरा परिणामच बहुतेक वेळा घडत नाही.

तरी सगळं सोपं झालं असं मी म्हणणार नाही. नेदरलँड्समध्ये २००५ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने नियम केले: मरण आठवड्या-दोन आठवड्यांत अपेक्षित असेल तरच सलग खोल गुंगी. या अटीला कारण आहे. झोपलेला माणूस खात-पीत नाही. महिनोन् महिने जगू शकणाऱ्याला झोपवून पाणी बंद केलं, तर तो तहानेने जाईल, आणि मग ते इच्छामरणच झालं, फक्त सावकाश. म्हणून गुंगीचा निर्णय आणि सलाईनचा निर्णय वेगवेगळा घ्यावा असं जाणकार सांगतात. फ्रान्सने २ फेब्रुवारी २०१६ च्या कायद्याने मरेपर्यंत खोल गुंगीचा हक्कच रुग्णाला दिला. आणि शरीर शांत आहे पण मनच जगायला तयार नाही, ‘मला झोपवून टाका’ म्हणतंय, त्याचं काय? यावर जगभर एकमत नाही. माझं मत विचाराल तर तिथे सुई घेऊन धावू नये. तिथे माणूस जवळ बसायला हवा, आणि फार तर दिवस-दोन दिवसांची गुंगी देऊन पुन्हा उठवून विचारायला हवं.

पुन्हा उठवता येतं, हे आजोबांना सांगणारं त्या रात्री कुणी नव्हतं. गुंगी हलकी ठेवता येते. मुलगा येईपर्यंत थांबता येतं, किंवा आधी झोप देऊन तो आला की पंप कमी करून बघता येतं. त्याहून चांगलं म्हणजे हे सगळं आठ दिवस आधी, माणूस बोलता असताना, त्यालाच विचारून ठरवता येतं. कुणाला भेटायचंय, कुणाची माफी मागायचीय, कुठलं व्यवहाराचं सांगायचंय. चुलत्यांना कुणी विचारलं नाही. आपण घरात मरणाचं नाव काढत नाही, आणि मग शेवटच्या रात्री पाच माणसं पाच गोष्टी सांगतात.

१९९७ मध्ये, म्हणजे १८ किलोच्या त्याच वर्षी, पुण्यात वारजे इथे सिप्ला कंपनीच्या पुढाकाराने कर्करुग्णांसाठी पॅलिएटिव्ह केअर केंद्र सुरू झालं. विनामूल्य. रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं आणि जखम कशी धुवायची, औषध कसं द्यायचं ते शिकून घरी जातं. पौड रस्ता जिथून मुळशीकडे वळतो त्या चांदणी चौकापासून हे केंद्र काही मिनिटांवर आहे. चुलत्यांच्या घरी कुणाला ते ठाऊक नव्हतं, आणि ज्यांनी घरी पाठवलं त्यांनीही नाव सांगितलं नाही. केरळने २००८ मध्ये, महाराष्ट्राने २०१२ मध्ये या सेवेचं धोरण जाहीर केलं. २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली. अनेक परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध प्रशासनाची एकच मान्यता पुरेशी ठरली. कुलूप लागून २९ वर्षं झाली होती.

न्यायालयांतला प्रवास त्या मानाने सर्वांना माहीत आहे. अरुणाताईंना जाऊ द्यावं अशी मागणी करणाऱ्या पत्रकार पिंकी विराणींच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जिगीषु दिवटिया, डॉ. रूप गुरसहानी आणि डॉ. नीलेश शहा यांना अरुणाताईंना तपासायला पाठवलं. ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली गेली, पण उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः मोकळी झाली. केईएमच्या परिचारिकांनी त्या दिवशी पेढे वाटले. त्यांच्या पेढ्यांवर टीका करणाऱ्यांनी चार दशकं कुणाचं अंथरूण बदललंय का, असं मला विचारावंसं वाटतं. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई न्यूमोनियाने गेल्या. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात, कायद्याचं बळ दिलं. त्या पीठावर पुण्यात जन्मलेले न्या. खानविलकर होते, आणि ज्यांचं मूळ गाव खेड तालुक्यातलं कन्हेरसर ते न्या. धनंजय चंद्रचूडही. न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अवघड अट २४ जानेवारी २०२३ ला गेली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. ही इच्छापत्रं जपून ठेवणारे अधिकारी नेमा म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, आणि राज्याने चारशेहून अधिक अधिकारी नेमले.

पण या सगळ्या निकालांचा मुख्य विषय यंत्र आहे: व्हेंटिलेटर लावायचा की काढायचा. मुळशी तालुक्यात आज मरणाच्या दोन तऱ्हा आहेत. हिंजवडी, बावधन, भूगावच्या सोसायट्यांत राहणारे आई-वडील बहुधा अतिदक्षता विभागात जातात, मुलगा परदेशातून फोनवर ‘सगळं करा’ सांगतो. तिथे हे निकाल उपयोगी पडतील. धरणाच्या काठच्या वाड्यांत माणूस घरीच जातो. तिथे काढायला यंत्रच नाही. तिथे हवी आहे मॉर्फिनची स्वस्त गोळी, गिळता येत नसेल तर कातडीखालची सुई, एक छोटा पंप, आणि वही घेऊन बसणारी एक प्रशिक्षित परिचारिका. यातलं काहीही मोठ्या रुग्णालयाचं नाही, सगळं एका पिशवीत मावतं.

तुमच्या घरात कुणाचा आजार परतीच्या पलीकडे गेला असेल, तर त्यांच्याशी आजच बोला. ते बोलू शकतात तोवर विचारा: त्रास आवरेना झाला तर झोप हवी का, आणि झोपण्याआधी कुणाला भेटायचंय. इच्छापत्र करत असाल तर व्हेंटिलेटरच्या ओळीखाली ही एक ओळ लिहा. आणि आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन एकदा नुसतं विचारा की मॉर्फिनची गोळी मिळते का. दहाजणांनी विचारलं तर त्यांना वर विचारावं लागेल.